वरच्या पट्ट्याचं गवत

आमच्या आत्याला माणसं ओळखता येत नाहीत. डोळे चांगले आहेत, पण लक्ष नसतं. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर चार वर्षं ती 'तो पोस्टातला' म्हणायची, आणि पोस्टात तो नाही, मी आहे. गवत मात्र तिला ओळखता येतं. बसच्या खिडकीतून बाहेर बघत ती सांगते की इथे मेंढ्या येऊन गेल्या, इथे गाई होत्या, आणि हा जो तुकडा दिसतोय ना, त्याचा मालक आळशी आहे. गवत मोजायचं तिचं माप म्हणजे तिचे स्वतःचे पाय. घोट्याएवढं, पोटरीएवढं, गुडघ्याएवढं. गुडघ्याएवढं म्हणजे फार उंच नव्हे, कारण आत्या बुटकी आहे, पण हे तिच्यासमोर कुणी बोलत नाही.

आतोबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या मागे गाई तिनेच सांभाळल्या. सत्तरी ओलांडली तरी पहाटे उठून धारा काढते, दुधाची गाडी येऊन गेली की गाई सोडते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या मागे चालते. तिला भेटायचं असेल तर आपणही चालायचं. बसून बोलायची तिला सवय नाही. बसली की झोप लागते, असं ती म्हणते, आणि खरंच लागते.

गाई तिच्या, गोठा तिचा, पण गाई जे खातात ते सरकारचं. घराच्या मागे ज्या टेकड्या सुरू होतात त्या सगळ्या सरकारी. तिथे चारायचा परवाना आतोबांच्या वडिलांपासून त्या घराकडे आहे. बेचाळीस गाई, दोन पट्टे. खालचा पट्टा घराला लागून, वरचा टेकडीच्या अंगावर. वरच्या पट्ट्यात एक झरा आहे. आतोबांनी त्याला नळी जोडून खाली दगडी हौद बांधला होता. या झऱ्याचं पाणी गाईंना पाजायचा हक्क परवान्यात वेगळा लिहिलेला आहे, आणि खरी किंमत त्या ओळीला. खालच्या पट्ट्यात पाणी नाही. नदी लांब आहे, आणि ती कुणाच्याच परवान्यात नाही, तिथे पाजलेलं पाणी हक्कात मोजत नाहीत. पाण्याचा हक्क गेला की नियमाप्रमाणे परवाना जातो, आणि परवाना गेला की बेचाळीस गाई विकायच्या. दुसरी वाट नाही.

दरवर्षी एक वापरपत्रक भरून द्यावं लागतं. कुठल्या पट्ट्यात किती गाई चरल्या, किती दिवस, झऱ्यावर किती प्यायल्या. आधी माझे वडील ते भरायचे, ते गेल्यावर माझ्याकडे आलं. मला वाईट वाटलं नाही. मी काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचे फॉर्म बघते, खाडाखोड केलेला फॉर्म आला की माझं डोकं फिरतं. आमच्या सगळ्या गोतावळ्यात फॉर्म म्हटलं की माझं नाव निघतं. ह्याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण आता नाही.

चार वर्षांपूर्वी पाऊस नीट झाला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. वरच्या पट्ट्यात गाईंनी गवत मुळापर्यंत खाल्लं. माती दिसायला लागली. झरा इतका बारीक झाला की हौद भरायला दोन दिवस लागायचे. आत्या एका सकाळी वर गेली, खाली बसली, माती हातात घेऊन बघितली आणि परत येऊन मला फोनवर म्हणाली, "मी वरचा पट्टा बंद करतेय. दोन वर्षं कुणी पाय ठेवायचा नाही."

"मग गाई पाणी कुठे पिणार?"

"नदीवर."

नदीवर म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास जास्त. उन्हाळ्याच्या शेवटी नदीत धार नसते, तर पात्रात खड्डे खणून पाणी झिरपायची वाट बघायची, आणि दोन-दोन गाई पुढे घ्यायच्या. हे तिने दोन वर्षं केलं. गुडघे सुजले, एक टाच फाटली. शेजारच्या परवान्यातले मिशीवाले, ज्यांच्याकडे शंभरावर जनावरं आहेत आणि ज्यांचा पट्टा टक्कल पडल्यासारखा दिसतो, ते सगळीकडे सांगत सुटले की आत्या गवत कपाटात घालून ठेवणार आहेत. आत्याने त्यांच्याशी बोलणं सोडलं. तिला त्याचा काही त्रास झाला असेल असं वाटत नाही, कारण ती आधीही फारसं बोलत नव्हती.

पहिल्या वर्षी गवताने फक्त मुळं धरली. वर बघण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते पोटरीएवढं झालं, मग गुडघ्याएवढं. मला तिने मुद्दाम नेऊन दाखवलं. मला गवतातलं काही कळत नाही, पण ती टेकडी बघून मीही जागीच थांबले. झऱ्याची धार अंगठ्याएवढी झाली होती आणि हौद भरून वाहत होता. "यंदा एकदा बी पडू दे," आत्या म्हणाली. "बी पडलं की मग मला काळजी नाही. मग ह्याचं हे वाढतं."

आता माझी कर्तबगारी सांगते.

वापरपत्रक भरताना आमच्या भागातले सगळे पूर्ण आकडा लिहितात. बेचाळीसचा परवाना असेल तर बेचाळीस. तीस चरल्या तरी बेचाळीस, गाई आजारी पडल्या तरी बेचाळीस. माझे वडीलही तसंच लिहायचे. का, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्या बंद वर्षी मी आत्याच्या स्वयंपाकघरात फॉर्म उघडून बसले तेव्हा ती भांडी घासत होती. मी वरच्या पट्ट्यासमोर शून्य लिहिलं, झऱ्यासमोर शून्य लिहिलं. तिने मागे वळून विचारलं, "पूर्ण आकडा लिहितात ना गं?"

"खोटं कशाला लिहायचं?" मी म्हणाले. "उलट चांगलं काम केलंयस. सरकारच भिंतीवर चित्रं लावतं, गवत वाचवा म्हणून. त्यांना कळू दे."

तिने हात पुसले आणि सही केली. फॉर्मच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास होता. दुसऱ्या वर्षीही मी शून्य लिहिलं, आणि दोन्ही वर्षी शून्यं अगदी गोल काढली.

पत्र आलं ते माझ्याच पोस्टातून. मीच शिक्का मारला. चराई कार्यालयाचा लिफाफा बघून मला वाटलं, नूतनीकरण असेल. आत्याकडे नेऊन दिलं, आणि फोडून मोठ्याने वाचलं. सलग दोन वर्षं वापर न झाल्याने झऱ्यावरचा हक्क सोडून दिल्याचं समजण्यात येत आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत हजर राहावं.

"परत वाच," आत्या म्हणाली. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला तिने सांगितलं नाही.

चराई कार्यालय शहरात दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबट खोली, भिंतीला लागून सुतळीने बांधलेल्या फायली, आणि एका कोपऱ्यात पाण्याचं पिंप, त्याच्यावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. अधिकारी साधारण माझ्या वयाचे. दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, फाइल काढली आणि माझी दोन्ही शून्यं बोटाने दाखवली.

"दोन वर्षं सलग शून्य. म्हणजे हक्क सोडला."

"सोडला नाही," आत्या म्हणाली. "राखला. गवत येऊन बघा."

"मावशी, कागदावर दोन्हीचा आकडा एकच येतो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सगळे पूर्ण आकडा लिहितात. तुम्ही भरलाय का हा? कुठे असता कामाला?"

"पोस्टात."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मला काउंटरपलीकडच्या लोकांना हेच वाक्य बोलायची सवय आहे. ते ऐकताना कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. कानापर्यंत तापले.

अधिकाऱ्यांनी दाराकडे एकदा बघून आवाज उतरवला. "दुरुस्तीचा अर्ज द्या. आकडा चुकून पडला, गाई चरत होत्या, पाणी पीत होत्या, असा. मग आमचं माणूस पाहणीला येईल. पाहणीत वापर दिसला तर हक्क कायम करता येतो."

"वापर दिसला म्हणजे काय दिसलं?" मी विचारलं.

"चरलेलं दिसलं. शेण, खुरांच्या खुणा, हौदापाशी चिखल. गवत उभं दिसलं तर मला काही करता येणार नाही."

आत्या बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होती. "पाहणी कधी?"

"पुढच्या गुरुवारी."

"महिनाअखेरीला ठेवता येईल?"

"महिनाअखेरीला फाइल बंद होते, मावशी."

मला वाटलं, घाबरून ती दिवस पुढे ढकलतेय. माणूस दवाखान्याची तारीख ढकलतो तसं. मी तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले की गुरुवार चालेल. अर्ज तिथेच बसून लिहिला. आकडा चुकून पडला, असं. माझ्या आयुष्यातलं कागदावरचं पहिलं खोटं, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

परतीच्या बसमध्ये मी माफी मागायला सुरुवात केली. तिने हात वर केला. "थांब जरा. मला हिशेब करू दे." ओठ हलवत ती काहीतरी मोजत होती. दोन थांबे गेले. मग म्हणाली, "बेचाळीस तोंडांना नाही व्हायचं."

मला कळायला वेळ लागला. एवढं गवत बेचाळीस गाईंनी गुरुवारपर्यंत खाऊन संपत नव्हतं, एवढंच ती सांगत होती. बसमधून उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. सरळ मिशीवाल्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन वर्षांनी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "तुमची जनावरं चार दिवस माझ्याकडे पाठवा. वरच्या पट्ट्यात."

मिशीवाल्यांना वाटलं, ती टोमणा मारतेय. मी सगळं सांगितलं तेव्हा ते आधी माझ्याकडे आणि मग जमिनीकडे बघत राहिले. त्यांची जनावरं उपाशी होती आणि त्यांना आनंद झाला होता, आणि तो लपवता येत नव्हता म्हणून ते बिचारे मिशीवरून हात फिरवत होते. "आत्याबाई, मी हसलो होतो तुम्हाला," ते म्हणाले. ती म्हणाली, "सकाळी लवकर आणा."

मी रजा टाकली. तिला एकटीला सोडणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पोस्टात बसून शिक्के मारायची मला लाज वाटत होती.

पहिल्या सकाळी गाई फाट्यावर येऊन थांबल्या. उजवीकडे वरचा पट्टा, डावीकडे नदी. दोन वर्षं रोज आत्या त्या फाट्यावर हात आडवे करून उभी राहिली होती, तेव्हा कुठे त्यांना डावीकडे वळायची सवय लागली होती. पुढची म्हातारी गाय डावीकडेच वळली. आत्याने तिला शिंगाला धरून उजवीकडे फिरवलं. गाय चार पावलं गेली आणि परत मागे बघायला लागली, चुकून रागावतेयस का, अशी. आत्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा. आज जा."

मग त्यांना वास लागला आणि ढकलायची गरज राहिली नाही. पाठोपाठ मिशीवाल्यांची जनावरं आली. दीडशे तोंडं एका वेळी गवत तोडतात त्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाड कापड कुणीतरी सावकाश फाडत असावं तसा तो दिवसभर चालू होता.

आत्याला ते बघवलं नाही, ती घरी गेली, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ती चारही दिवस तिथेच होती. आणि नुसती उभी नव्हती, काम करत होती. "एका बाजूने सरळ खाऊ देऊ नका," ती मिशीवाल्यांना म्हणाली. "वर्षभर चरलेली टेकडी अशी दिसत नाही. पाण्यापाशी जनावर जास्त खातं, चढावर कमी. बांधाच्या कडेला झुबके सोडतं." कुठे किती खाऊ द्यायचं, कुठून हाकायचं, हे ती काठीने दाखवत होती. खोटं करायचं तर तेही तिला नीटच हवं होतं. हौदाभोवती जनावरं फिरवून फिरवून तिने चिखल केला. ताजं शेण भरपूर पडलं, पण जुनं नव्हतं, म्हणून गोठ्यामागच्या ढिगातून वाळलेलं शेण हातगाडीत घालून वर आणायचं काम मला मिळालं. पोस्टातली मी, टेकडीवर शेणाचे पो अंतराअंतराने मांडत होते. मिशीवाले म्हणाले, "ताई, इतक्या सरळ रांगेत नको." मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. आत्याने बघितलं आणि रिकामी हातगाडी माझ्याकडे वळवली.

तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "माझ्यावर ओरड तरी."

"ओरडून गवत येणारे का?" ती म्हणाली. "ती लाल गाय बघ, कडेला चाललीय. वळव."

बुधवारी संध्याकाळी टेकडी घोट्याच्याही खाली होती. जागोजागी माती दिसत होती. आत्याने एकदा सगळीकडे फिरून बघितलं आणि मान हलवली. काम ठीक झालं होतं.

गुरुवारी पाहणीला आली ती एक तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात कॅमेरा. फार बोलली नाही. टेकडीवर तासभर चालली. हौदापाशी फोटो काढले. एके ठिकाणी वाकून चाकूने माती उकरली, मुळं हातात घेऊन बघितली. मी मांडलेल्या पोंपैकी एक पेनाने उलटा केला, खाली बघितलं, आणि परत होता तसा ठेवला. आत्या दोन पावलं मागून चालत होती, काठीवर भार देऊन.

मग आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. आत्याने तिच्यापुढे पाणी ठेवलं. मुलीने वही उघडली, पण लिहिलं नाही.

"शेण जुनं आहे, पण त्याच्या खालचं गवत हिरवं आहे," ती म्हणाली. "जुन्या शेणाखालचं गवत पिवळं पडतं."

आत्या म्हणाली, "हो की. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मुलीने तिच्याकडे बघितलं. "दोन वर्षं राखलं होतं ना तुम्ही? मुळं एवढी खोल गेलीत." तिने वहीवर बोटांनी अंतर दाखवलं. आत्याने मान हलवली. "मी वापर आहे असं लिहिते," मुलगी म्हणाली. "गाई चरल्यात हे तर खरंच आहे. हक्क राहील तुमचा. पण तुम्ही विश्रांतीचा अर्ज का नाही केला?"

"कसला अर्ज?" हे मी विचारलं.

"पट्टा राखायचा असेल तर आधी कळवायचं. मग शून्य लिहिलं तरी चालतं, हक्काला धक्का लागत नाही. सहा वर्षं झाली तो अर्ज सुरू होऊन."

"तुमच्या साहेबांनी सांगितलं नाही आम्हाला." माझा आवाज चढला होता.

"आता सांगून उपयोग नव्हता. तो आधीच द्यावा लागतो." ती ओशाळली होती. "पण कार्यालयात लावायला हवा होता कुठेतरी. खरं आहे तुमचं."

तिने पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला. अर्धं पान. इतका लहान फॉर्म माझ्या काउंटरवर आला तर मी त्याच्याकडे बघतही नाही. मी तो हातात घेतला आणि मला वाचता येईना. दोन वर्षांपूर्वी या टेबलावर हे अर्धं पान असतं तर वरचा पट्टा अजून उभा असता. मी विचारायला हवं होतं. कुणाला तरी फोन करून, शून्य लिहिलं तर काय होतं, एवढंच. दिवसभर लोकांना मी सांगते की आधी विचारा, मग भरा.

"भर," आत्या म्हणाली.

मी भरायला घेतलं. परवान्याचा क्रमांक, गाई किती, पट्टा कोणता, विश्रांती किती वर्षं. जास्तीत जास्त तीन लिहिता येत होती, तीन लिहिली. शेवटी एक प्रश्न होता. मी तो मोठ्याने वाचला, "चालू हंगामात पट्ट्यातील गवताचे बी पक्व होऊन पडले आहे काय?"

आत्याने माझ्याकडे न बघता त्या मुलीला सांगितलं, "दाणा भरत आला होता. पंधरा दिवस राहिले होते. महिनाअखेरीला पडलं असतं."

मुलीने वही मिटली. तेव्हा मला कार्यालयातली माझीच आठवण झाली, आत्याच्या दंडाला हात लावून गुरुवार चालेल म्हणणारी.

फॉर्मवर तेवढं लिहायला जागा नव्हती. दोन चौकोन होते, हो आणि नाही. मी 'नाही'वर खूण केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. आत्याने नेहमीसारखीच, न वाचता सही केली.